बॉईलचा फसलेला प्रयोग क्रमांक ३१: नम्रता की नुसती लिहायची पद्धत?

अधलामधला:
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते इथे टाकतो. रॉबर्ट बॉईल म्हटलं की आपल्याला शाळेतला नियम आठवतो, दाब वाढला की आकारमान कमी, गुणाकार तोच, दोन मार्क. पण त्याचं १६६० सालचं हवेच्या पंपावरचं पुस्तक आहे (नियम त्यात नाहीच, तो दोन वर्षांनी आला), त्यात ४३ प्रयोग ओळीने लिहिलेत आणि त्यात फसलेले प्रयोगही नंबर देऊन छापलेत.

३१ नंबरचा बघा. संगमरवराच्या दोन चकत्या घासून इतक्या गुळगुळीत करायच्या की एकमेकींवर दाबल्या की चिकटून बसतात, वरची उचलली की खालची लटकत वर येते. बॉईलचं म्हणणं, खालून हवा रेटते म्हणून ती पडत नाही. मग सोपं आहे, चकत्या काचेच्या भांड्यात टांगा, पंपाने हवा काढा, खालची गळून पडली पाहिजे. हवा काढली. पडली नाही! आणि हा गडी ते तसंच लिहितो, की बाबांनो पडली नाही, बहुतेक पंप थोडा गळतोय, आत थोडी हवा उरली असणार आणि तेवढी हवाही तिला धरून ठेवायला पुरत असणार.

नुसतं एवढंच नाही. १६६१ ला त्याने प्रयोग का फसतात यावर चक्क दोन निबंध छापले. रसायनात भेसळ असते, एकाच नावाने दोन दुकानदार दोन वेगळे पदार्थ देतात, वगैरे. त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला तो सांगून टाकतो की मी 'कदाचित', 'असं दिसतंय', 'अशक्य नाही' असलं फार लिहितो, कारण जे डोळ्यांनी बघितलं ते मी ठामपणे सांगेन, पण त्याचं कारण ठामपणे सांगायची माझी हिंमत नाही.

माझं मत असं की त्या काळाची खरी कमाई हीच. 'मी हे केलं, असं झालं, का झालं ते नक्की ठाऊक नाही' हे छापायची लाज गेली. पण मग वाटतं की हा माणूस अर्ल ऑफ कॉर्कचा मुलगा, प्रचंड श्रीमंत घर, त्याचं पोट काही प्रयोगावर अवलंबून नव्हतं. अशा माणसाला नम्रता परवडते. तर तुम्हाला काय वाटतं, ही खरी नम्रता की वाद टाळायची हुशार पद्धत?

शेंगदाणा_कूट:
पॉपकॉर्न घेऊन बसलेय. तिरकस तात्या अजून आले नाहीत का?

पारा_चढला:
धागा आवडला. पण गोष्ट बॉईलच्या वीस-पंचवीस वर्षं आधी सुरू होते आणि तिथे नम्रतेचा नमुना नाही, उलटा नमुना आहे, तोही साक्षात गॅलिलिओचा.

इटलीतल्या विहीर खोदणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं की ओढून घेणारा पंप साधारण दहा मीटरच्या वर पाणी चढवत नाही, कितीही चांगला बनवा. गॅलिलिओने १६३८ च्या पुस्तकात कारण दिलं की पाण्याचा स्तंभ लांब झाला की स्वतःच्याच वजनाने तुटतो, लांब दोर तुटतो तसा. चूक. बरं, बालियानी नावाच्या माणसाने त्याला १६३० मध्येच पत्र लिहून सुचवलं होतं की हे हवेच्या वजनामुळे होत असेल. गॅलिलिओने ऐकलं नाही.

मग त्याचाच शिष्य तोरिचेल्ली. पाण्याऐवजी पारा घेतला, एका टोकाला बंद नळी त्याने भरून पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी केली, पारा थोडा उतरून थांबतो. पारा साडेतेरापट जड, म्हणजे दहा मीटरऐवजी हातभर नळीत काम भागतं. १६४४ च्या पत्रात त्याने लिहिलं की आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो. पण ते म्हणणं झालं, पुरावा कुठाय? पास्कालने विचार केला की समुद्र असेल तर वर चढल्यावर तो उथळ व्हायला पाहिजे. स्वतः पॅरिसात, तब्येत तोळामासा, म्हणून मेहुण्याला पत्र लिहिलं की तुझ्या गावाजवळ प्यूई द डोम डोंगर आहे, तिथे पारा घेऊन जा.

१९ सप्टेंबर १६४८. मेहुणा म्हणजे फ्लोरां पेरिए. त्याने काय केलं ते बघा, कारण अधलामधलांच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं. सकाळी खाली मठाच्या बागेत दोन नळ्या भरून बघितल्या, दोन्हीत पारा २६ इंच साडेतीन लाइन (फ्रेंच इंच, एका इंचाच्या १२ लाइन). एक नळी तिथेच ठेवली आणि मठातल्या एका साधूला दिवसभर तिच्यावर नजर ठेवायला बसवलं. दुसरी घेऊन गावातली प्रतिष्ठित माणसं सोबत घेऊन डोंगर चढला. वर पारा २३ इंच २ लाइन. तीन इंचांहून जास्त फरक, म्हणजे आपले ८५ मिलिमीटर. आणि हा पठ्ठ्या एकदा बघून खूश होऊन खाली आला नाही, माथ्यावर पाच वेळा केलं, देवळाच्या आत, बाहेर उघड्यावर, वाऱ्यात, धुक्यात. उतरताना मधे एकदा. खाली आल्यावर साधूला विचारलं, तो म्हणाला दिवसभरात हलला नाही.

त्या बसलेल्या साधूला माझा नमस्कार. 'खालीच हवा बदलली असेल तर?' ही शंका आधीच घेणं, हे माझ्या मते नम्रतेचं काम आहे. स्वभाव कसा होता कोण जाणे.

विहीरवाला_नगर:
पारा चढला भाऊ, ते दहा मीटरचं आम्हाला पुस्तकाशिवाय कळतं. काठावर मोटर ठेवली आणि पाणी पंचवीस फुटाच्या खाली गेलं की नुसती घरघर. दहा मीटर हे कागदावर, पाइप कुठेतरी हवा धरतोच. फूटव्हॉल्व्ह बदला, जॉइंटला सफेदा लावा, काही करा, शेवटी मोटर खाली उतरवावीच लागते. गॅलिलिओने विहीरवाल्यांना विचारलं असतं तर!

पारा_चढला:
@विहीरवाला, विचारलं होतं हो, म्हणून तर आकडा बरोबर आहे. कारण तेवढं स्वतःचं जोडलं.

तिरकस_तात्या:
आलो. बॉईलची आरती चालू दिसतेय, तर मी हॉब्जच्या बाजूने बोलतो, त्याच्या बाजूने इथे कोणी बोलणार नाही.

थॉमस हॉब्ज, तोच राज्यशास्त्रवाला, १६६१ ला वय ७३, त्याने बॉईलच्या पंपावर तुटून पडणारं पुस्तक लिहिलं. मुद्दे ऐका. एक, तुमचा पंप गळतो, तुम्हीच कबूल करता, मग आत 'पोकळी' आहे हे कशावरून? दोन, एकाच घटनेची दहा कारणं असू शकतात, तुम्ही घटना दाखवता आणि कारणाबद्दल हात वर करता, मग यात तत्त्वज्ञान कुठलं, ही तर कारागिरी झाली. तीन, आणि हा मला सगळ्यात झोंबणारा वाटतो, तुम्ही म्हणता सगळ्यांसमोर प्रयोग करतो, पण तुमच्या त्या लंडनच्या ग्रेशम कॉलेजात, जिथे रॉयल सोसायटी ही शास्त्रज्ञांची संस्था भरते, कोणीही येऊ शकतं का? निवडक पन्नास लोक बघणार आणि बाकी जगाने विश्वास ठेवायचा.

रॉयल सोसायटीचं ब्रीदवाक्य काय, कोणाच्या शब्दावर विश्वास नाही. आणि पुस्तक वाचणाऱ्याने काय करायचं? बॉईलच्या शब्दावर विश्वास! कारण तो पंप बनवायला लागणारा पैसा आणि तो बनवणारा रॉबर्ट हूकसारखा मदतनीस कोणाकडे होता? युरोपभर मिळून असे पंप हाताच्या बोटांवर मोजावे इतकेच. आणि हॉब्जला त्या सोसायटीत कधीच घेतलं नाही. नम्र लोक!

रिकामटेकडा_पुणे:
तात्या रॉक्स. बाय द वे, राजाने पण टिंगल केली होती ना? सॅम्युएल पेपिसच्या डायरीत आहे, फेब्रुवारी १६६४, दुसरा चार्ल्स हसतोय की हे लोक बसल्यापासून नुसती हवा तोलतायत, दुसरं काही नाही. तोच राजा ज्याने त्यांना सनद दिली. फंडिंग मिळालं नाही ते वेगळंच.

अधलामधला:
@तात्या, तिसरा मुद्दा मान्य, तो जड आहे. पण पहिल्यावर थोडं. पंप गळतो हे हॉब्जला कुठून कळलं? बॉईलनेच छापलं म्हणून. जो माणूस स्वतःच्या विरुद्धचा पुरावा छापतो त्याच्यावर त्याच पुराव्याने हल्ला करायचा आणि वर म्हणायचं की हा लपवतोय, हे जमत नाही. हॉब्जने स्वतः काय केलं? वर्तुळाचा चौरस (वर्तुळाएवढ्याच क्षेत्रफळाचा) काढून दाखवला म्हणे, जॉन वॉलिस या गणितज्ञाने चुका दाखवल्या, तरी आयुष्यभर हट्ट सोडला नाही. भूमितीसारखी निर्विवाद पद्धत माझ्याकडे आहे असं म्हणणारा माणूस भूमितीतच अडकला.

तिरकस_तात्या:
वर्तुळाचा चौरस हा व्यक्तीवर हल्ला झाला, मुद्द्यावर बोला. बाय द वे बॉईलचाच नियम आहे हा, मतावर बोलावं, माणसावर नको. तुम्ही त्याच्याइतके नम्र नाही :)

खडूमास्तर:
मी एका ग्रामीण ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. धाग्यातला मुद्दा मला रोज टोचतो. आपलं जर्नल म्हणजे साहित्य, कृती, निरीक्षण सारणी, अनुमान. यात 'प्रयोग फसला' असा रकाना नाही. पोरं काय करतात, आधी उत्तर बघतात, मग उलटं गणित करून रीडिंग भरतात. लंबकाने जी (गुरुत्वत्वरण) काढला की सगळ्या वर्गाचा ९.८ येतो. एका पोराला खरंच ९.२ आला होता, त्याने लंबकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न घेता हुकपर्यंत घेतली होती, मी त्याला म्हटलं तू वर्गातला एकटा आहेस ज्याने प्रयोग केलाय. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मार्क कापले ते कापलेच.

आता बॉईलची सारणी बघा, १६६२ ची. वाकडी नळी, एका टोकाला हवा कोंडलेली, दुसरीकडून पारा ओतत जायचा. हवेची उंची ४८ भाग असताना दाब २९ पूर्णांक २/१६ इंच पारा. हवा निम्मी, २४ भाग केली तर ५८ पूर्णांक १३/१६. हवा १२ भाग, पाव, तर ११७ पूर्णांक ९/१६. शेजारच्या रकान्यात त्याने लिहिलंय की नियमाप्रमाणे किती यायला हवं होतं, ५८.२५ आणि ११६.५. म्हणजे एक इंचाहून जास्त फरक त्याने वाचणाऱ्याच्या नाकासमोर ठेवलाय. पोरांना मी हीच सारणी फळ्यावर काढून देतो आणि सांगतो की शेवटचा रकाना भरा, आकडे सारखे करायला बसू नका.

निमकी:
मास्तर, __/\__

मी लॅबमध्ये काम करते (कुठे ते नको). आमच्याकडे न आलेला रिझल्ट ड्रॉवरमध्ये जातो, तो कोणी छापत नाही आणि तीन वर्षांनी दुसऱ्या शहरातली कोणीतरी मुलगी तेच परत करून तेच परत न येताना बघते. बॉईलचे ते दोन निबंध वाचून रडू आलं असतं मला.

पण एक खटकतं ते सांगते. पंप चालवत कोण होतं? बॉईल नव्हे. तब्येतीने अशक्त, डोळे अधू, ती दात्यांची पट्टी आणि दांडा फिरवायला ताकदवान माणूस लागे. हूकचं नाव पुस्तकात आहे, नंतर देनी पापँचं पण आहे, पण बाकीचे नुसते 'मदतनीस'. पारा कोणी ओतला, नळी फुटली तेव्हा काचा कोणी वेचल्या, कोणाच्या चुकीने हवा शिरली म्हणून बोलणी कोणी खाल्ली, काही पत्ता नाही. स्वतःबद्दल नम्र असणं एक आणि हाताखालच्या माणसाचं नाव लिहिणं वेगळं.

आणि बायका? त्याच ग्रंथात पाखरं भांड्यात घालून हवा काढायचे प्रयोग आहेत, चंडोल मेला वगैरे, एका वेळी बघायला आलेल्या बायकांना दया आली म्हणून हवा परत सोडावी लागली. हा प्रसंग वाचताना बायका म्हणजे प्रयोगात अडथळा असं वाटतं. मार्गारेट कॅव्हेंडिश या इंग्लिश लेखिकेने १६६६ ला पुस्तक लिहून विचारलं होतं की तुमची ही उपकरणं निसर्गाला वाकडं करून दाखवत नाहीत कशावरून. १६६७ च्या मे महिन्यात ती सोसायटी बघायला गेली, तिला हवा तोलून दाखवली, सगळे तिच्या कपड्यांबद्दल बोलले. सोसायटीत पहिल्या दोन बाई फेलो झाल्या १९४५ ला. हे पण लिहा कुठेतरी.

शेंगदाणा_कूट:
निमकी +१. १९४५!! मला वाटलं होतं निदान व्हिक्टोरियाच्या काळात.

ट्यूबलाईट:
मी पडलो कॉमर्सवाला. एक बेसिक प्रश्न, हसू नका. पंपाने हवा 'काढायची' म्हणजे नक्की काय करायचे हे लोक? वीज नाही, मोटर नाही.

पारा_चढला:
@ट्यूबलाईट, हसण्यासारखं काही नाही. वर काचेचं मोठं गोल भांडं, अठ्ठावीस-तीस लिटरचं, त्याहून मोठं त्या वेळच्या काचवाल्यांना जमेना. माथ्यावर झाकण, वस्तू आत ठेवायला. खाली तोटी. तोटीच्या खाली पितळी नळकांडं आणि त्यात दट्ट्या. तोटी बंद करून दट्ट्या खाली खेचायचा, नळकांडं रिकामं झालं, तोटी उघडली की भांड्यातली थोडी हवा खाली येते. तोटी बंद, नळकांड्याच्या बाजूची बुचीसारखी झडप काढायची, दट्ट्या वर रेटायचा, हवा बाहेर. झडप बंद. परत पहिल्यापासून. जितकी हवा कमी होईल तितका दट्ट्या खेचायला जड, कारण बाहेरची अख्खी हवा उलट रेटते. सगळीकडे लेप आणि तेल थापलेलं, तरी गळायचंच. ग्रेटोरेक्स नावाच्या कारागिराला आधी सांगून बघितलं होतं, त्याचा पंप चालला नाही, मग हूकने १६५८-५९ च्या सुमारास हा बनवला. कल्पना मुळात जर्मनीतल्या ओटो फॉन ग्युरिकेची, आतली हवा काढून जोडलेले दोन अर्धगोल आणि ते ओढायला दोन्हीकडून आठ-आठ घोडे, तोच.

आणि पंपाचा राजा प्रयोग १७ वा. तोरिचेल्लीची पाऱ्याची नळीच भांड्यात उभी केली आणि हवा काढत गेले. दट्ट्याच्या प्रत्येक खेपेला पारा खाली. पास्कालच्या मेहुण्याला डोंगर चढावा लागला होता, इथे टेबलावर डोंगर.

कोकणकडा:
चर्चा छान चाललीय. थोडं अवांतर, पण विषयाला धरून. रायगड जिल्ह्यात मुरुड-जंजिऱ्याजवळ नांदगाव आहे. तिथले केशव दैवज्ञ, 'ग्रहलाघव' लिहिणाऱ्या गणेश दैवज्ञांचे वडील. त्यांनी 'ग्रहकौतुक' लिहिलं शके १४१८, म्हणजे १४९६. ग्रंथातून आलेलं ग्रहाचं स्थान आणि आकाशात दिसणारं स्थान यांची गाठ घालून बघितली आणि कोणता ग्रह कोणत्या सिद्धांताप्रमाणे जुळतो ते नोंदलं. कुठलाच एक जुना ग्रंथ पूर्ण बरोबर नाही असं सांगितलं. मला सगळ्यात आवडतं ते पुढचं. ते म्हणतात पुढच्या गणकांनीही असंच आकाश बघून आकडे कमीजास्त करून नवं गणित करावं. स्वतःचा ग्रंथ जुना होणार हे ग्रंथातच लिहून ठेवायचं! शं. बा. दीक्षितांच्या 'भारतीय ज्योतिषशास्त्रा'त सगळं आहे.

गर्जा_३५०:
म्हणजे युरोपच्या दीडशे वर्षं आधी आपल्याकडे सगळं होतं. पण आपण बॉईलच्या पोथ्या वाचणार. गुलामी मानसिकता.

कोकणकडा:
'सगळं' नव्हतं हो. वेध होते, निरीक्षण होतं, ते उत्तम होतं. पण मुद्दाम परिस्थिती तयार करायची, हवा काढून बघायची, ही वेगळी गोष्ट. आणि केशव म्हणाले पुढच्यांनी सुधारा, पण त्यांच्या मुलाचं ग्रहलाघव इतकं सोपं निघालं (त्रिकोणमितीतली 'ज्या', म्हणजे साइन, न वापरता गणित होतं) की पुढे पंचांगवाले शतकानुशतकं तेच वापरत बसले. त्याचं काय ते बोलू की.

गर्जा_३५०:
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

मांडवीकाठ:
आमच्या गोव्याचं पण एक घ्या. पणजीच्या म्युनिसिपल बागेला गार्सिया द ओर्ताचं नाव आहे, तो पोर्तुगीज वैद्य, १५३४ ला गोव्यात आला. १५६३ ला त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक गोव्यातच छापलं. पुस्तक म्हणजे दोघांचा संवाद, एक नुकताच आलेला पंडित ग्रीक ग्रंथ तोंडावर फेकतो आणि ओर्ता म्हणतो मला डायोस्कोरिडीज आणि गॅलेनची भीती दाखवू नका, मला ठाऊक आहे तेच मी सांगणार. आणि एके ठिकाणी प्रामाणिकपणे सांगतो की स्पेनात असतो तर गॅलेनच्या विरुद्ध बोलायची माझी छाती झाली नसती. म्हणजे धाडस अंतरावर अवलंबून! स्थानिक वैद्यांकडून शिकलेलं शिकलो म्हणून लिहितो हे पण आहे. मुळात ज्यू घराण्यातला, मेल्यावर बारा वर्षांनी, १५८० ला, इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली.

निमकी:
बापरे. हे माहीत नव्हतं.

तिरकस_तात्या:
ओर्ता आवडला. अधिकाराशी उद्धट आणि वस्तूशी नम्र. बॉईलपेक्षा मला हा जवळचा.

आता न्यूटन काढा कोणीतरी. लांबचं दिसलं ते महाकायांच्या खांद्यावर उभं राहिलो म्हणून, असं पत्र लिहिलं १६७६ ला, हूकलाच, आणि नंतर त्याच हूकशी इतकं वाजलं की प्रकाशावरचं पुस्तक १७०४ ला छापलं. हूक १७०३ ला वारला होता. सगळ्यात जास्त ठोकलेला 'नम्र' कोट अशा माणसाचा आहे.

खडूमास्तर:
न्यूटनचा स्वभाव सोडा, पण केप्लर घ्या. मंगळाची कक्षा वर्तुळ धरून त्याने काही वर्षं डोकेफोड केली, शेवटी गणित जवळजवळ जुळलं, चूक फक्त आठ कलांची. आठ कला म्हणजे चंद्राच्या बिंबाचा पाव भाग. कोपर्निकसच्या काळात ती कोणाला दिसलीही नसती. पण केप्लर म्हणाला टायको ब्राहेसारखा निरीक्षक मिळालाय, त्याची चूक आठ कलांची असूच शकत नाही, म्हणजे माझंच चुकलंय. सगळं फेकून दिलं. त्यातून १६०९ ला लंबवर्तुळ आलं. आता केप्लर स्वतः ग्रहांचं संगीत ऐकणारा, कुंडल्या मांडणारा माणूस, त्याच्या डोक्यात कल्पनांची कमी नव्हती. तरी दुसऱ्याच्या आकड्यापुढे मान तुकवली.

रिकामटेकडा_पुणे:
मास्तर, ब्राहे जिवंत असता तर आकडे मिळाले असते का पण? दाबूनच ठेवायचा ना तो.

खडूमास्तर:
जिवंतपणी थोडे थोडे द्यायचा. १६०१ ला वारला आणि केप्लरने वह्या ताब्यात घेतल्या, वारसांशी भांडण झालं. नम्रता वगैरे त्या दिवशी रजेवर.

अधलामधला:
चर्चा अपेक्षेपेक्षा फार पुढे गेली, सगळ्यांचे आभार. थोडं मूळ प्रश्नाकडे. मला वाटतं बॉईलचा नियम कसा आला ते बघितलं तर उत्तर सापडतं. लायनस नावाचा जेझुइट पाद्री, त्याने बॉईलला विरोध केला की हवेत एवढी ताकदच नाही, पारा वर धरून ठेवतो तो एक अदृश्य दोरा. आणि पुरावा काय, नळीच्या वरच्या टोकाला बोट लावा, आत ओढल्यासारखं लागतं. खरंच लागतं! बॉईलने त्याला वेड्यात काढलं नाही. म्हणाला ठीक, हवेची ताकद किती ते मोजू. ती वाकडी नळी, ती सारणी, सगळं लायनसला उत्तर द्यायला. आणि आकडे पाहून दाब-आकारमानाचा संबंध सुचवला तो रिचर्ड टाउनलीने, असं बॉईलने नाव घेऊन लिहिलंय. म्हणजे 'बॉईलचा नियम' हे नाव बॉईलने दिलेलं नाही. फ्रान्समध्ये मारिओतचा म्हणतात ते वेगळं.

तर विरोधक नसता तर नियम नसता. तात्या, हॉब्ज पण असाच उपयोगी पडला असता, पण त्याला मोजायचं नव्हतं.

तिरकस_तात्या:
टाउनलीचं नाव घेतलं कारण टाउनली जमीनदार होता. दांडा फिरवणाऱ्याचं घेतलं नाही. निमकीचा मुद्दा जसाच्या तसा उभा आहे. आणि हॉब्जचा पण एक उभा आहे, पंप गळतोय की नाही हे ठरवायचं कसं? पोकळी झाली की नाही हे पंपावरून ठरवायचं आणि पंप चांगला की वाईट हे पोकळी झाली का यावरून. गोल गोल.

पारा_चढला:
तात्या, हा मुद्दा खरा आहे आणि त्याचं प्रत्यक्ष उदाहरण आहे. हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने लंडनमध्ये पंप बघितला, घरी जाऊन स्वतःचा बनवला. १६६१ च्या अखेरीस त्याने पाण्याची उलटी नळी भांड्यात ठेवली, पाणी आधी हवा काढून शुद्ध केलेलं. भांड्यातली हवा काढली. पाणी खाली यायला हवं होतं. आलंच नाही, नळी भरलेलीच. लंडनचे म्हणाले तुझा पंप गळतोय. हायगेन्स म्हणाला उलट माझा पंप तुमच्यापेक्षा चांगला आहे म्हणून तर हे दिसतंय. पत्रांनी काही ठरेना. शेवटी १६६३ ला तो स्वतः लंडनला आला, त्यांच्याच पंपावर करून दाखवलं, तेव्हा मान्य झालं. कारण मात्र कोणालाच धड सांगता आलं नाही.

म्हणजे तुमचा गोल सुटला तो माणूस जहाज पकडून स्वतः आल्यामुळे. शब्दावर विश्वास नाही हे ब्रीद तेवढ्यापुरतं तरी पाळलं.

ट्यूबलाईट:
आणि चकत्यांचं? ३१ नंबर? तो राहिला ना मधेच.

पारा_चढला:
१६६९ ला पुढचा भाग छापला, पंप सुधारला होता, तेव्हा खालची चकती सुटून पडली. नऊ वर्षं तो प्रयोग 'पडली नाही' म्हणून छापील पडून होता.

निमकी:
नऊ वर्षं. आमच्याकडे नऊ महिन्यांत ग्रँट संपते.

विहीरवाला_नगर:
धागा वर काढतोय, कांदा काढणीमुळे यायला जमलं नाही. पारा चढला भाऊ, एक शंका राहिली. दहा मीटरच्या वर पाणी ओढलं जात नाही म्हणता. आमच्या बांधावर निलगिरी आहे, चाळीस फुटाच्या वर नक्की. तिच्या शेंड्याला पाणी कोण चढवतं? तिथे मोटर खाली उतरवलेली नाही.

पारा_चढला:
@विहीरवाला, लाख बोललात, आणि हायगेन्सच्या नळीचं उत्तर याच शंकेत आहे. पाण्यात हवेचा बुडबुडा नसेल तर पाण्याचे कण एकमेकांना आणि नळीच्या कडेला इतके घट्ट धरतात की पाणी ताणता येतं, तुटत नाही. हायगेन्सने पाण्यातली हवा काढली होती म्हणून ते लटकून राहिलं. झाडात बारीक नळ्या, पानातून पाणी उडून जातं तसा वरून ताण पडतो आणि खालपर्यंत अख्खी साखळी ओढली जाते. शंभर मीटरच्या वरची झाडं आहेत जगात. हे १८९० च्या दशकात डिक्सन आणि जोली यांनी मांडलं. तुमच्या पाइपात एक बुडबुडा शिरला की संपलं, झाडाच्या हजारो नळ्यांपैकी काही बंद पडल्या तरी बाकीच्या चालू राहतात.

विहीरवाला_नगर:
म्हणजे स्तंभ स्वतःच्या वजनाने तुटतो हे गॅलिलिओचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं की. पाणी ताणलं जातं हे त्याने बरोबर ओळखलं होतं, फक्त ते तुटायची जागा चुकीची धरली.

तिरकस_तात्या:
पारा भाऊ, आता बोला.

पारा_चढला:
जेवून येतो.